बैलाचा हिशेब ठेवला, बाईचा राहिला

गणपती बसले की त्याच संध्याकाळी मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. अळूची देठं, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, एखादं कणीस आणि आंबटपणासाठी हिरवी चिंच किंवा अंबाडी. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. माझी आजी ही भाजी करताना दर वर्षी तेच वाक्य म्हणायची, "आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही." नांगराखालच्या जमिनीत पिकलेलं त्या दिवशी वर्ज्य. परसात माणसाच्या हातानं लावलेलं, आपसूक उगवलेलं तेवढंच ताटात घ्यायचं. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण जेवलो, त्याच्या श्रमाला एक दिवस हात लावायचा नाही.

त्याच सुमाराला पोळा येतो. कुठे श्रावणातला, कुठे भाद्रपदातला, कुठे त्याआधीच बेंदूर. आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी होते. जू बसून बसून घट्टे पडलेला खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, तूप-हळद लावून चोळायचा आणि कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास. आपल्या सणांमधली मला सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. राबणाऱ्या जनावराचा दुखरा अवयव कोणता हे ओळखून, नेमका तोच चोळायचा विधी कुणीतरी पंचांगात बसवला.

आणि तरी, ती पुरणपोळी ज्या हातांनी लाटली त्या हाताचं मनगट चोळण्याचा विधी आपल्या कुठल्याही सणात नाही. बारा महिन्यांच्या व्रतवैकल्यांत मी तो शोधला. "आज बाईच्या कष्टाचं खायचं नाही" असा एकही दिवस सापडत नाही. उलट जितका मोठा सण, तितका तिचा दिवस लांब.

पुण्यात या विषयावर दर वर्षी वाद होतो, पण भलताच. होळी, गौरी, दिवाळी जवळ आली की एक बाजू म्हणते, हल्ली घरी कोणी काही करत नाही, सगळं विकतचं, लक्ष्मी रोडवरून पिशव्या भरून आणायचं नि वाटीत काढून ठेवायचं. दुसरी बाजू म्हणते, आम्ही नोकऱ्या करतो, वेळ कुठे आहे, पैसे देतो आणि आणतो, कुणाचं काय गेलं? दोन्ही बाजू बोलतात ते खाणाऱ्यांविषयी. करणारी दोन्हींत गैरहजर असते. घरी केलेली पोळी असो की दुकानातली, ती कुणीतरी लाटलेली असते, आणि ती लाटणारी जवळजवळ नेहमी बाईच असते. तिला त्याचं काय मिळतं, हा माझ्या मते या विषयातला पहिला प्रश्न आहे. घरचं की विकतचं हा त्यानंतरचा.

पुरणपोळीकडे आपण पदार्थ म्हणून पाहतो, एकदा काम म्हणून पाहू. हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजवायची, पण तिचा लगदा होता कामा नये. कट निथळून बाजूला काढायचा, त्याची आमटी व्हायची असते. मग डाळीत गूळ घालून आटवत बसायचं. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होतं आणि नंतर घट्ट होताना बुडाला लागायला टपलेलं असतं, म्हणून हात थांबवता येत नाही. डाव मधोमध उभा राहिला की झालं. ते गरम असतानाच वाटायला हवं, गार झालं की पुरणयंत्राचा दांडा फिरत नाही. कणीक तेलाचा हात लावून तिंबायची, इतकी की ताणली तर लोंबली पाहिजे. उंड्यापेक्षा पुरण जास्त घ्यायचं आणि ते लाटताना काठापर्यंत गेलं पाहिजे, पण कुठेही फुटता कामा नये. तव्यावर टाकताना ती हातातून सुटली तर सगळं गेलं. हे सुतारकामाइतकं, विणकामाइतकं कसबाचं काम आहे. त्याला शिकायला वर्षं लागतात आणि ते शरीर झिजवतं. अनारशाचं पीठ, चकलीची भाजणी, उकडीच्या मोदकाच्या कळ्या, चिरोट्याचे पदर, यांतल्या प्रत्येकाविषयी एवढंच लिहिता येईल. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. म्हणजे विश्रांतीच्या नियमातूनही काम निघालंच.

माझ्या आईची दिवाळीच्या खर्चाची वही माझ्याकडे आहे. डाळीचं पीठ किती, साखर किती, खसखस, वेलदोडे, डालडा, पुढच्या वर्षांत डालड्याच्या जागी तेल. पै-पैचा हिशेब, तिच्या सुबक अक्षरात. एका ओळीत 'भाजणीचे दळण' असं लिहून त्यापुढे पैसे टाकलेले आहेत. ते लिहिले, कारण गिरणीवाल्याला मोजून दिले होते. ती भाजणी करायला तिनं तांदूळ धुऊन वाळवले, डाळी एकेक करून मंद आचेवर भाजल्या, धने-जिरे भाजले, सगळं एकत्र करून डबा भरला. त्या दुपारची वहीत ओळ नाही. गिरणीच्या दहा मिनिटांना दर होता, तिच्या दुपारीला नव्हता. शेवटची काही वर्षं तिला सोऱ्या दाबता येत नव्हता, मनगटातून कळ यायची. आम्ही तिला म्हणायचो, "कशाला करतेस एवढं?" आणि चकल्या झाल्या की डबा उघडून उभ्याउभ्या खायचो. तिच्या जागी सोऱ्या दाबायला मी बसले, भाऊ बसला नाही, आणि आमच्या घरात कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मलासुद्धा दिसलं नाही, हे मला आज जास्त लागतं.

एकट्या आमच्या घराची ही गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. शिवाय त्या कामात सहभाग असलेल्या बायका होत्या शंभरात ऐंशीच्या वर आणि पुरुष जेमतेम सव्वीस. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा घटला, मधलं अंतर होतं तिथंच राहिलं, दोनशे मिनिटांच्या आसपास. मिक्सर आला, गॅस आला, तयार पीठ आलं, पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली झाली, आणि तरी हे दोनशे मिनिटांचं अंतर मिटलं नाही. पदार्थ विकत आणल्यानं बाई मोकळी झाली असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावं.

आता विकतच्या पोळीकडे येते.

कर्वेनगरात एक ताई आहेत. मूळच्या भोरकडच्या. वर्षभर तीन घरी पोळ्या करतात आणि सणांना एका दुकानासाठी पुरणपोळ्या. गेल्या होळीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे पहाटे गेले होते, मुद्दाम, पाहायला म्हणून. दहा बाय बाराची खोली, दोन शेगड्या, त्यांतली एक भाड्यानं आणलेली. पलंग भिंतीला उभा करून जागा केली होती. वीस किलो डाळ रात्रीच भिजली होती आणि पाच-पाच किलोच्या घाण्यांनी शिजत होती. ताई पुरण घोटत होत्या, त्यांची जाऊ कणीक तिंबत होती. पुरणाचा थेंब उडाला की चटका बसतो, म्हणून ताईंनी उजव्या हाताला कोपरापर्यंत जुन्या शर्टाची बाही चढवली होती. दर अर्ध्या तासानं त्या डाव खाली ठेवून मनगट उलट्या बाजूला वाकवायच्या, बोटं ताणायच्या आणि पुन्हा डाव उचलायच्या. त्यांना ते करताना कळतही नव्हतं. पहिली पोळी सहाला तव्यावर पडली. ती फुगली, त्यांनी ती ताटलीत काढून देवापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ही मोजायची नाही."

बाकीच्या मोजायच्या होत्या. दोन दिवसांत पाचशे. सामान दुकानाचं, गॅस ताईंचा, मजुरी पोळीमागे सहा रुपये. मी तिथेच बसून हिशेब मांडला. दोघी मिळून दोन दिवसांचे साठ तास. मजुरी तीन हजार, त्यातून गॅस आणि भाड्याची शेगडी मिळून सहाशे वजा. उरले चोवीसशे, म्हणजे तासाला चाळीस रुपये. दुकानात तीच पोळी पस्तीस रुपयांना होती आणि होळीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत संपली.

दुकानदाराला खलनायक ठरवण्यात मला रस नाही. त्याला जागेचं भाडं आहे, डाळ-गूळ-तुपाचे भाव आहेत, उरलेला माल दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. तो सहा रुपये देतो, कारण सहाला तयार होणारी बाई मिळते, आणि ती तयार होते, कारण तिच्यापुढे दुसरा दर नाही. 'हे तर प्रत्येक बाईला येतंच' या एका समजुतीवर हा सगळा बाजार उभा आहे. जे प्रत्येकीला येतं त्याला किंमत कसली? चाळीस वर्षं घरात फुकट झालेल्या कामाला बाहेर पैसे मोजायची वेळ आली की हात आखडतो. म्हणून म्हणते, घरातला आणि बाजारातला प्रश्न एकच आहे. आईच्या वहीत जी ओळ नव्हती, तिचाच भाव ताईंना सहा रुपये मिळतो.

यावर काही उपायच नाही, बाजार बाजाराच्या गतीनं चालतो, असं मला सांगितलं जातं. पुण्यात राहून हे म्हणणं मला पटत नाही. घरात बसून, नगावर काम करणाऱ्या बाईला कामगार मानायचं की नाही, हा प्रश्न या देशात पूर्वी एकदा सोडवला गेलेला आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटलं. हजार विड्यांमागे किती, हा दर ठरू लागला. तो पुरेसा होता असं नाही, पण दरावर भांडायला जागा झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी करार केला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. घरात बसून विडी वळणं हे काम, आणि घरात बसून पोळी लाटणं हे 'घरगुती', हा भेद मला कुणी समजावून सांगावा.

दुसरं उदाहरण आपल्याच शहरातलं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. धुणं-भांडी करणाऱ्या बायका संप करतात ही कल्पनाच तेव्हाच्या मध्यमवर्गाला पेलवली नव्हती. त्यातून संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये राज्यानं घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. आज पुण्यातल्या कितीतरी घरांत दिवाळीला कामवालीला एक पगार बोनस द्यायचा, हे कुणी सांगावं लागत नाही. ते जणू सणाचाच भाग आहे, उटण्यासारखं. ही प्रथा आकाशातून पडली नाही. बायकांनी मागितली, भांडून घेतली आणि चाळीस वर्षांत तिचा रिवाज झाला. रिवाज असेच तयार होतात.

भाव वाढले तर साध्या माणसानं सण करायचा कसा? हा प्रश्न मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्तात सण व्हावा ही इच्छा काही चुकीची नाही. दिवाळीला पूना मर्चंट्स चेंबर ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं, त्याला रांगा लागतात, आणि त्या रांगेतल्या माणसाची दिवाळी त्यामुळे गोड होते. पण स्वस्ताई कुणाच्या खिशातून काढायची, हे ठरवता येतं. हमाल पंचायतीनं डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमाल, रिक्षावाले, शहरात आलेले विद्यार्थी यांना परवडेल अशी भाजी-भाकरी द्यायची, आणि ती भाजणाऱ्या बायका पगारावर असतील, असं ते गणित होतं. खाणाराही कष्टकरी, करणारीही कष्टकरी, आणि एकाला स्वस्त मिळावं म्हणून दुसरीला नागवायचं नाही. हे पन्नास वर्षं चालू आहे. नफा कमी करून, मध्यस्थ कमी करून, मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी करून पोळी स्वस्त करता येते. मजुरी कापणं हा त्यातला सगळ्यांत आळशी मार्ग आहे.

आणि खरं सांगायचं, तर पुरणपोळी विकत घेणारा वर्ग पुण्यात काही अगदीच गांजलेला नाही. पिझ्झ्याला चारशे रुपये देताना पिठाला किती आणि चीजला किती, असं कुणी विचारत नाही. पुरणपोळीच्या बाबतीत मात्र "डाळ एवढ्याला, गूळ एवढ्याला, पस्तीस रुपये कसले घेता?" हा हिशेब तोंडावर मांडला जातो. मी स्वतः ऐकलेला आहे. त्या हिशेबात डाळ असते, गूळ असतो, हात नसतो. बचतगटांच्या बायका आपले पदार्थ घेऊन येतात त्या पुण्यातल्या भीमथडीच्या जत्रेत हेच लोक वेगळे वागतात, तेही मी पाहिलं आहे. तिथे बाई समोर उभी असते. मांडे करणारी हातावर पोळी पसरवत पसरवत पार कोपरापर्यंत नेते आणि पालथ्या खापरावर अलगद टाकते, तेव्हा भोवतीची माणसं श्वास रोखून पाहतात आणि मागेल ते पैसे देतात. काम डोळ्यांना दिसलं की त्याची किंमत कळते. प्लास्टिकच्या डबीत चार पोळ्या आल्या की ते काम पुसलं जातं. म्हणून माझी एक साधी मागणी आहे. ज्या दुकानात सणाचे पदार्थ बायकांकडून करून घेतले जातात, तिथे पाटीवर विक्रीच्या भावाशेजारी मजुरीचा भावही लिहावा. 'पुरणपोळी रु. ३५, करणारीस रु. ६.' दुकानांच्या पाट्यांची या शहराला सवय आहे. ही एक पाटी लागली तर सहाचे बारा व्हायला फार दिवस लागणार नाहीत असं मला वाटतं.

आता सगळ्यांत नाजूक आक्षेप. नैवेद्य ही भक्ती आहे, ती पैशात कशी मोजायची? आई मुलाला घास भरवते त्याची मजुरी लावणार का? मला या बोलण्यातला भाव समजतो. ताईंनी पहिली पोळी देवापुढे ठेवून "ही मोजायची नाही" म्हटलं, तेव्हा मोजायचं काय आणि मोजायचं नाही काय, याचा त्यांनी माझ्यापेक्षा स्पष्ट विचार केलेला होता. भक्ती तिची आहे, तेव्हा किती अर्पण करायचं हे तिनं ठरवावं. दुसऱ्यानं तिच्या वतीनं बाकीच्या पाचशे पोळ्या अर्पण करून टाकू नयेत.

आणि भक्तीचं नाव घेऊन याच स्वयंपाकघरात काय काय झालं आहे, तेही पुण्यानं विसरू नये. २०१७ मध्ये गौरी-गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक करायला आलेल्या बाईनं आपली जात लपवली, म्हणून इथे पोलिसांत तक्रार झाली होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. त्या बाईनं केलेला नैवेद्य घरच्यांनी खाल्ला होता, पाहुण्यांनी खाल्ला होता, आणि तिचा स्वयंपाक वाईट होता असं कुणाचंही म्हणणं नव्हतं. तिच्या हाताची चव चालली, पण तिचं नाव कळल्यावर चाललं नाही. सणाच्या पदार्थांचा अभिमान सांगताना आपण 'आमच्या घरची पद्धत' असं म्हणतो, तेव्हा त्या पद्धतीनं किती जणींना दाराबाहेर उभं केलं, हेही त्याच परंपरेत लिहिलेलं आहे. मला ही परंपरा प्रिय आहे, म्हणूनच तिच्यातला हा भाग मला सोसत नाही.

परंपरा बुडेल अशी भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगते, की ती कधीच जागच्या जागी उभी नव्हती. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळे दूरदेशातून आलेले, आणि आज त्यांच्याशिवाय आषाढी सुनी वाटते. मोदकाच्या पिठीला पूर्वी आंबेमोहोर हवा असायचा. मावळ-मुळशीत तो उतारा कमी देतो, रोगाला लवकर बळी पडतो, म्हणून शेतकऱ्यानं हात आखडला. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी दिला, आंबेमोहोर आणि जास्त उतारा देणारी भाताची जात आयआर ८ यांच्या संकरातून. आज कितीतरी घरांत त्याच्याच पिठीचे मोदक होतात आणि गणपतीनं कधी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. धान्य बदललेलं आपण चालवून घेतलं, पाट्याच्या जागी यंत्र चालवून घेतलं, चूल जाऊन गॅस आला तेही चाललं. करणारी बदलायची म्हटली की मात्र परंपरा आठवते.

बदलायची म्हणजे काय? तर पुरुषांनी हे काम शिकावं. 'मदत' म्हणून नारळ खोवून द्यायचा नि पुन्हा आरतीला जाऊन उभं राहायचं, असं नव्हे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, डाळ निवडण्यापासून परात घासण्यापर्यंत. या शहरात ढोल-ताशाच्या पथकात शिरायला मुलं दोन-दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठी सराव करतात, बोटांना पट्ट्या गुंडाळून वाजवतात. म्हणजे सणासाठी हात झिजवायची त्यांची तयारी आहे. त्याच मुलांना उकड मळायला बसवा. उकड गरम असतानाच मळावी लागते, हाताला सोसेल न सोसेल अशी. कळ्या पाडताना पारी मधे जाड आणि कडेला पातळ ठेवायची असते आणि पहिले दहा-बारा मोदक फुटतातच. माझा मुलगा गेल्या गणपतीत हे शिकला. एकवीस मोदकांना त्याला पावणेतीन तास लागले. शेवटचा मोदकपात्रात ठेवल्यावर तो तिथेच खुर्चीवर बसला आणि मला म्हणाला, "आजी हे गौरींपर्यंत रोज काही ना काही करायची?" त्याच्या त्या प्रश्नानंतर त्यानं आजपर्यंत बाहेरच्या मोदकाच्या भावाबद्दल एक शब्द काढलेला नाही.

घरचं की विकतचं, यावर माझं उत्तर म्हणूनच दोन्ही असं आहे. ज्यांना करायला आवडतं आणि जमतं, त्यांनी घरी करावं, घरातल्या सगळ्यांनी मिळून. ज्यांना जमत नाही, त्यांनी विकत आणावं आणि त्याची अजिबात लाज बाळगू नये. लाज वाटायचीच असेल, तर ती भावाची घासाघीस करताना वाटावी.

आमच्या सोसायटीत यंदा या सगळ्यावर दोन बैठका झाल्या. पहिलीत वाद झाला, दुसरीत ठरलं. येत्या होळीला पोळ्या थेट ताईंकडून घ्यायच्या. मागणी दहा दिवस आधी नोंदवायची आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यायचे. सामान सोसायटी भुसार बाजारातून एकत्र आणेल. गॅस आपला, आणि काम सोसायटीच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, कारण त्या खोलीत पुन्हा पाचशे पोळ्या व्हायला नकोत. मजुरी पोळीमागे पंधरा रुपये. पुरण घोटायला आणि यंत्र फिरवायला सोसायटीतले चार पुरुष, त्यांची नावं फळ्यावर लिहून झाली आहेत. हे सगळं सांगायला मी ताईंकडे गेले, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक अट घातली. होळीच्या दिवशी काम दुपारी बाराला बंद, मग कितीही पोळ्या राहिलेल्या असोत. "संध्याकाळी आमच्या चाळीत पण होळी असते," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत माझ्या घरची पोळी कधी गरम झाली नाही." ती अट फळ्यावर सगळ्यांत वर लिहिली आहे.